‘हजारो वर्षांचे शुद्ध जपानी संगीत’ : या कल्पनेला इतिहासाचा आधार आहे का? (थ्रेड)

१/ १८७१ च्या अखेरीस जपानच्या नव्या मेइजी सरकारने दोन फर्माने काढली. एका फर्मानाने कोतो आणि शामिसेन शिकवून उदरनिर्वाह करणाऱ्या अंध कलावंतांची शतकानुशतके चालत आलेली संघटना बरखास्त झाली. दुसऱ्याने बांबूची बासरी वाजवत भिक्षा मागणाऱ्या संन्याशांचा संपूर्ण पंथच रद्द झाला. आज जगभर ‘पारंपरिक जपानी संगीत’ म्हणून जे ऐकले जाते, त्याचा मोठा भाग या दोन फर्मानांनंतर नव्याने आकाराला आला आहे.

२/ या थ्रेडमध्ये जपानी संगीताचे प्रमुख प्रकार आणि घटक आपण पाहूच, पण त्यासोबत एक मतही मांडायचे आहे. ‘शांत, ध्यानमग्न, हजारो वर्षे न बदललेले’ हे या संगीताचे प्रचलित वर्णन इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. शिवाय ज्यांनी ते जगवले, त्यांनाच ते अदृश्य करते. म्हणून प्रत्येक प्रकाराला तीन प्रश्न विचारू : वाजवण्याचा अधिकार कोणाला होता? पोसणारे कोण होते? आणि दाराबाहेर कोणाला उभे केले होते?

३/ प्रारंभ दरबारापासून. गागाकु म्हणजे ‘अभिजात, सुसंस्कृत संगीत’. ७०१ सालच्या ताइहो संहितेनुसार दरबारात संगीताचे स्वतंत्र खाते निर्माण झाले. तेथे काय शिकवले जाई? स्थानिक गीतनृत्यांबरोबरच चीनमधील तांग राजवटीचे संगीत आणि कोरियन राज्यांचे संगीत. आजही चिनी परंपरेतील रचना ‘तोगाकु’ आणि कोरियन परंपरेतील रचना ‘कोमागाकु’ या नावांनी ओळखल्या जातात. म्हणजे जपानच्या सर्वांत ‘जपानी’ मानल्या जाणाऱ्या संगीताने आपले परदेशी मूळ कधी लपवलेलेच नाही. ते विसरलो आहोत ते आपण.

४/ या कथेत एक भारतीयही आहे. ७३६ मध्ये बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानला पोहोचला. ७५२ साली नारा येथील तोदाइजी मंदिरात महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी झाला, तो त्याच्या हस्ते. त्या सोहळ्यात निरनिराळ्या देशांचे नृत्यसंगीत सादर झाले. बोधिसेनासोबत चंपा, म्हणजे आजच्या मध्य व्हिएतनाममधील एक भिक्षू आला होता. गागाकुमधील ‘रिन्युगाकु’ हा नृत्यप्रकार परंपरेने या दोघांशी जोडला जातो.

५/ नारा येथील शोसोइन कोषागारात त्या काळातील वाद्ये जपलेली आहेत. त्यांपैकी शिंपल्याचे जडावकाम केलेली पाच तारांची बिवा पाहावी. प्राचीन पाचतारी बिवांपैकी जगात उरलेली ही एकमेव. तिच्यावर उंटावर बसून बिवा वाजवणारा माणूस कोरला आहे. जपानमध्ये उंट कुठून आला? तो आला रेशीममार्गावरून, या वाद्याच्या पूर्वजांबरोबर. एका वाद्यावरचे एक चित्र ‘शुद्धते’चा दावा निकालात काढण्यास पुरेसे आहे.

६/ गागाकुचा नाद कसा असतो? ‘शो’ या वाद्यात बांबूच्या १७ नळ्या असतात, त्यांतील १५ वाजतात. श्वास घेताना आणि सोडताना, दोन्ही वेळा स्वर निघतो, त्यामुळे स्वरसमूहाचा अखंड पडदा तयार होतो. ‘हिचिरिकी’ हे सनईसारखे दुहेरी पत्तीचे, आकाराने लहान पण आवाजाने खणखणीत वाद्य मुख्य धून वाजवते. ‘र्‍यूतेकी’ ही आडवी बासरी तिच्या सोबतीला असते. ताल देणारा सूत्रधार वेगळा उभा नसतो. ‘काक्को’ हे छोटे तालवाद्य वाजवणाराच सर्वांना सांभाळतो.

७/ येथेच ‘जो-हा-क्यू’ हे तत्त्व समजून घ्यावे : संथ आरंभ, मग विस्तार, मग वेगवान समाप्ती. हे तत्त्व गागाकुमधून पुढे नो नाट्यात आणि इतर अनेक कलांत गेले. विलंबिताकडून द्रुताकडे जाणाऱ्या आपल्या ख्यालगायकीची आठवण होणे स्वाभाविक आहे. मात्र साम्य दिसले म्हणून नाते सिद्ध होत नाही. इतिहासाच्या विद्यार्थ्याने हा मोह आवरायला हवा.

८/ ‘पण गागाकु तरी बाराशे वर्षे अखंड आहे ना?’ हा आक्षेप गंभीरपणे घ्यावा असा आहे. ही परंपरा खरोखरच दीर्घ आहे, वादकांची घराणी पिढ्यान्‌पिढ्या टिकली आहेत. पण १४६७ ते १४७७ च्या ओनिन युद्धात क्योटो उद्ध्वस्त झाले आणि दरबारी वादक विखुरले. १८७० मध्ये क्योटो, नारा आणि ओसाका येथील तीन गटांचे वादक एका सरकारी कार्यालयाखाली आणले गेले. १८७६ आणि १८८८ मध्ये प्रमाण स्वरलिपी ठरवण्यात आल्या. आजचे प्रमाण गागाकु हे त्या निवडीचे फलित आहे.

९/ लॉरेन्स पिकन या केंब्रिजच्या अभ्यासकाने आणि त्यांच्या शिष्यांनी तर आणखी पुढचा मुद्दा मांडला : तांग काळात याच धुनी आजच्यापेक्षा कितीतरी जलद वाजत असाव्यात, आणि शतकांच्या ओघात त्या संथ झाल्या. हा सिद्धान्त सर्वमान्य नाही. पण तो खरा असेल, तर ज्या संथपणाला आपण ‘प्राचीन शांती’ म्हणतो, तो प्राचीन नसून कालांतराने आलेला असेल.

१०/ दुसरा प्रवाह मंदिरांतला. बौद्ध मंत्रपठणाच्या गायनाला ‘शोम्यो’ म्हणतात. हा शब्द संस्कृत ‘शब्दविद्या’ या संज्ञेचा चिनी भाषेमार्गे आलेला अनुवाद आहे. तेंदाइ आणि शिंगोन या पंथांनी हे गायन जोपासले. एकेका अक्षरावर लांबणारा स्वर आणि त्याचे वळणदार हेलकावे ही त्याची खूण. पुढच्या अनेक गायनप्रकारांवर या पठणाची छाया आहे.

११/ मग रस्त्यावर येऊ. बाराव्या शतकातील ताइरा आणि मिनामोतो या घराण्यांच्या युद्धाची कथा गावोगाव पोहोचवली ती ‘बिवा होशी’ या अंध गायकांनी. ‘हेइके मोनोगातारी’ची सर्वांत प्रसिद्ध पाठपरंपरा १३७१ मध्ये काकुइची या अंध गायकाच्या नावे लेखनबद्ध झाली. या गायकांची आराध्यदेवता होती बेंझाइतेन, हाती बिवा घेतलेली देवी. ती कोण, हे वेगळे सांगायला नको : वीणेच्या जागी बिवा घेतलेली आपली सरस्वतीच.

१२/ या अंध पुरुषांची संघटना म्हणजे ‘तोदोझा’. तोकुगावा काळात तिला राज्याचे संरक्षण मिळाले. तिच्यात ‘झातो’, ‘कोतो’, ‘केंग्यो’ अशा चढत्या पदव्या होत्या (पदवीचा ‘कोतो’ आणि वाद्याचा कोतो हे भिन्न शब्द आहेत). पदव्यांसाठी पैसे भरावे लागत. कोतो व शामिसेनच्या व्यावसायिक अध्यापनावर संघटनेचा अधिकार चाले. काही सदस्य व्याजाने पैसेही देत, आणि त्यांच्या वसुलीचा लोकांना जाच होई. म्हणजे ही संघटना दुर्बलांचा आधारही होती आणि मक्तेदारही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

१३/ मात्र या संघटनेच्या पदव्यांची शिडी पुरुषांसाठी होती. अंध स्त्रियांनी आपले वेगळे गट उभारले. त्या ‘गोझे’. शामिसेन घेऊन, एकीच्या खांद्यावर दुसरीने हात ठेवून, त्या बर्फाळ एचिगो प्रांतातील खेड्यांतून गात फिरत. त्यांचे नियम कठोर होते. पुरुषाशी संबंध ठेवला तर गटातून हकालपट्टी होई. या परंपरेतील अखेरच्या गायिकांपैकी एक, कोबायाशी हारु, २००५ मध्ये वयाच्या १०५ व्या वर्षी निवर्तल्या. त्यांच्यामागून ते फिरते जीवन आले नाही.

१४/ नो नाट्याकडे वळू. चौदाव्या शतकातील ‘सारुगाकु’ खेळणारे हीन मानले जात. १३७० च्या दशकात शोगुन आशिकागा योशिमित्सु याने कानआमी आणि त्याचा मुलगा झेआमी यांना आश्रय दिला. १३७८ मध्ये एका दरबाऱ्याने आपल्या रोजनिशीत नाराजी नोंदवली, की सारुगाकु हा तर भिकाऱ्यांचा धंदा आहे. त्याच ‘धंद्या’चा समावेश आज युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आहे. अभिजातता जन्मजात नसते, आश्रयाने बहाल होते, याचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण.

१५/ नोच्या वाद्यमेळात एक बासरी आणि तीन ढोलप्रकार असतात. ‘नोकान’ या बासरीच्या आत मुद्दाम एक बारीक नळी बसवलेली असते, त्यामुळे खालच्या आणि वरच्या सप्तकातील स्वर एकमेकांशी नीट जुळत नाहीत. तो दोष नव्हे, हेतू आहे : अलौकिक पात्राच्या आगमनाला तसाच चिरत जाणारा स्वर हवा. ढोलवादक आघातांच्या मध्ये ‘यो’, ‘हो’ असे पुकारे करतात. त्या पुकाऱ्यांमधूनच ‘मा’ जाणवते, म्हणजे दोन नादांमधला अर्थपूर्ण अवकाश.

१६/ ‘मा’विषयी बरेच गूढरम्य लिहिले जाते. पण वादकाच्या दृष्टीने ती अत्यंत व्यावहारिक बाब आहे. ठेका ठोकळेबाज नसल्यामुळे सहवादकाचा श्वास आणि पुकारा ऐकूनच पुढचा आघात करावा लागतो. ही शिस्त वर्षानुवर्षांच्या मेहनतीने अंगवळणी पडते. तिला केवळ ‘झेन शांती’ म्हणणे म्हणजे कारागिरीचे श्रेय हवेला देणे.

१७/ शामिसेन हे वाद्य आजच्या जपानची ओळख, पण तेही पाहुणेच. चीनमधील सानशिएनपासून र्‍युक्यु बेटांवरचा ‘सानशिन’ झाला, आणि सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो ओसाकाजवळच्या साकाइ बंदरात उतरला. तेथे अजगराच्या कातड्याऐवजी मांजराचे वा कुत्र्याचे कातडे आले. बिवावादकांनी आपला रुंद ‘बाची’ त्यावर वापरायला घेतला. एका बंदरात, काही दशकांत, एक परके वाद्य स्वकीय झाले.

१८/ या वाद्याची एक खुबी मराठी कानांना लगेच कळेल. खर्जाची तार दांडीला किंचित स्पर्श करते आणि स्वरासोबत एक झणझणीत गुंजन उठते. त्याला ‘सावारी’ म्हणतात. आपल्या तंबोऱ्याची ‘जवारी’ आठवावी. स्वर निखळ असण्यापेक्षा त्याला झळाळी असावी, ही आवड दोन्हीकडे दिसते. येथेही वंशावळ जोडण्याची घाई नको. दोन संस्कृतींना सारखा नाद भावला, एवढीच नोंद पुरे.

१९/ शामिसेनने शहरी रंगभूमी घडवली. १६८४ मध्ये ताकेमोतो गिदायु याने ओसाकात कळसूत्री नाट्याचे ताकेमोतो-झा हे नाट्यगृह काढले. चिकामात्सु मोनझाएमोन त्याचा लेखक. एकच गायक निवेदन आणि सर्व पात्रांचे संवाद सांभाळतो. ही ‘गिदायु-बुशी’ आजच्या बुनराकुचा प्राण आहे. काबुकीत ‘नागाउता’ हे दीर्घ गायन बहरले. काबुकीची सुरुवात मात्र १६०३ च्या सुमारास ओकुनी नावाच्या स्त्रीने केली होती, आणि १६२९ मध्ये स्त्रियांनाच रंगमंचावरून बाहेर काढण्यात आले. पुरुषांचा काबुकी हीदेखील बंदीतून जन्मलेली ‘परंपरा’ होय.

२०/ आता कोतो : १३ तारांचे, पाउलोनियाच्या लाकडाचे लांब वाद्य. यात्सुहाशी केंग्यो (१६१४–१६८५) या अंध कलावंताने कोतोला दरबार आणि मंदिर यांच्या चौकटीतून शहरी श्रोत्यांकडे आणले. त्यासाठी त्याने शहरात रुळलेल्या स्वरमेळाशी जुळणारी नवी जुळणी रूढ केली. आज कोणत्याही चित्रपटात ‘जपान’ सुचवायचे असेल तर जे स्वर वाजतात, ते याच मेळाचे : सा, कोमल रे, म, प, कोमल ध. पेटीवर वाजवून पाहावे. गुणकलीचे स्वर तेच, पण दोन्हींची चाल संपूर्णतः निराळी.

२१/ हा ‘मियाको-बुशी’ म्हणजे राजधानीचा, शहरी मेळ. कोइझुमी फुमिओ या संगीतशास्त्रज्ञाने १९५८ मध्ये जपानी स्वररचनेचे चार मूळ साचे मांडले : लोकगीतांचा, शहरी, दरबारी आणि र्‍युक्यु बेटांचा. म्हणजे स्वरांतही वर्ग आणि प्रदेश दडलेले आहेत. ‘जपानी स्वर’ असा एकच नाही. ज्याला आपण तसे म्हणतो तो एदो काळातील शहरवासीयांचा स्वर आहे.

२२/ शाकुहाची ही बांबूची उभी बासरी. लांबी १ शाकु ८ सुन, म्हणजे सुमारे ५४.५ सेंटिमीटर, आणि तेच तिचे नाव. एदो काळात ती फुके पंथाच्या ‘कोमुसो’ संन्याशांची मानली जाई. चेहरा झाकणारी वेताची टोपली डोक्यावर घालून ते बासरी वाजवत भिक्षा मागत. त्यांतले अनेक जण धनी गमावलेले सामुराई होते. कुरोसावा किंको (१७१०–१७७१) याने ठिकठिकाणच्या मंदिरांतून ३६ रचना संकलित केल्या.

२३/ आणि आता इतिहासाच्या विद्यार्थ्यांना आवडेल असा तपशील. हा पंथ आपल्या विशेषाधिकारांसाठी १६१४ सालची, शोगुन तोकुगावा इएयासुच्या नावाची एक सनद दाखवत असे. आधुनिक इतिहासकार ती बनावट मानतात. आपल्याकडील वतनांच्या बनावट सनदा ज्यांनी वाचल्या असतील, त्यांना हसू येईल. पण त्या खोट्या कागदाच्या आश्रयाने खरे संगीत वाढले, हेही विसरू नये.

२४/ आता पुन्हा १८७१. माझे मत असे : मक्तेदारी मोडणे न्याय्य होते. कोतो कोणीही शिकावा, शाकुहाची कोणीही फुंकावी, यात गैर काय? पण सरकारने छत्र काढले आणि पर्यायी आधार दिला नाही. पदव्या एका रात्रीत अर्थहीन झाल्या. ज्या अंध माणसांसाठी संगीत हे उपजीविकेचे दुर्मीळ साधन होते, त्यांना ‘समतेच्या’ नावाखाली उघड्यावर सोडण्यात आले. सुधारणेचे मूल्यमापन तिच्या हेतूवरून करायचे की तिची किंमत कोणी मोजली यावरून? मी दुसरा निकष मानतो.

२५/ त्यानंतर शाळा आली. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गायन हा विषय होता, पण ‘तूर्त वगळावा’ अशा शेऱ्यासह. १८७९ मध्ये संगीत-संशोधन कार्यालय स्थापन झाले. त्याचे प्रमुख इझावा शूजी यांनी बोस्टनहून ल्यूथर व्हाइटिंग मेसन यांना बोलावले. पाठ्यपुस्तकांत पाश्चात्त्य चाली जपानी शब्द घेऊन आल्या. एक स्कॉटिश चाल ‘होतारु नो हिकारी’ बनून आजही शाळांच्या निरोपसमारंभात आणि दुकाने बंद होताना वाजते. देशी वाद्यांना शाळेत जागा नव्हती. माध्यमिक शाळांत किमान एक जपानी वाद्य हाताळणे आवश्यक झाले ते थेट २००२ मध्ये.

२६/ ‘होगाकु’, म्हणजे ‘आपल्या देशाचे संगीत’, हा शब्द पाश्चात्त्य संगीतापासूनचे वेगळेपण सांगण्यासाठी याच युगात रुळला. लोकगीतांसाठीचा ‘मिन्यो’ हा शब्दही जर्मन संज्ञेच्या अनुवादातून प्रचारात आला. गाणी जुनी होती, त्यांना ‘राष्ट्राची गाणी’ म्हणणारी नजर नवी होती. आणि त्या नजरेच्या कडेला ऐनूंचे तोनकोरी वाद्य आणि १८७९ मध्ये खालसा झालेल्या र्‍युक्यु राज्याचे संगीत उभे राहिले, परिशिष्टासारखे.

२७/ सर्वांत मोठा गैरसमज तर पुढेच आहे. प्रचंड ढोलांचा ‘प्राचीन’ समूहवाद्यमेळ आपण सर्वांनी पाहिलेला असतो. ढोल प्राचीन आहेत, उत्सवही प्राचीन आहेत. पण रंगमंचावरचा तो समूहवादनाचा प्रकार १९५१ मध्ये ओगुची दाइहाची या जॅझ ड्रमवादकाने उभा केला. म्हणून तो खोटा ठरतो का? मुळीच नाही. त्याचे वय सांगताना आपण खोटे बोलू नये, इतकेच.

२८/ संगीत सीमा कसे ओलांडते याचा पुरावा आपल्या गल्लीतही आहे. १९१२ मध्ये नागोया येथील मोरिता गोरो याने कळा दाबून वाजवायचे ‘ताइशोगोतो’ हे तंतुवाद्य तयार केले. ते भारतात आले आणि ‘बुलबुलतरंग’ झाले. महाराष्ट्रात त्यालाच आपण ‘बेंजो’ म्हणतो, मिरवणुकीत कर्ण्यांतून घुमणारा. शंभर वर्षांत एक जपानी वाद्य गणपतीच्या मिरवणुकीचे झाले, आणि त्याला परके म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. साकाइ बंदरात शामिसेनचेही असेच झाले होते.

२९/ मग सारेच ‘घडवलेले’ असेल तर परंपरा उरते कुठे? ती उरते हस्तांतरात : गुरूच्या हातातून शिष्याच्या हातात जाणाऱ्या श्वासात, आघातात, सावारीच्या गुंजनात. मियागी मिचिओ (१८९४–१९५६) या अंध कोतोवादकाने १९२९ मध्ये ‘हारु नो उमि’ रचले. त्यात पाश्चात्त्य संगीताचा संस्कार उघड आहे. वाद्ये दोनच : कोतो आणि शाकुहाची. एक अंधांच्या संघटनेचे, दुसरे भिक्षूंचे. १८७१ मध्ये ज्यांचे छत्र काढले गेले, तीच दोन वाद्ये येथे एकत्र बोलतात. ही रचना आज जपानमध्ये नववर्षाची खूण आहे.

३०/ म्हणून माझा आग्रह असा : वारसा जपायचा तर केवळ स्वर जपून भागत नाही, तो वाहून नेणाऱ्या माणसांचा इतिहासही जपावा लागतो. गोझेंच्या गाण्यांचे ध्वनिमुद्रण आज ऐकता येते, पण बर्फातून चालणारे ते पाय वारशाच्या कोणत्याही यादीत मावत नाहीत. पुढच्या वेळी कोणतीही कला ‘प्राचीन आणि शुद्ध’ म्हणून समोर आली, मग ती जपानची असो वा आपली, तर हे तीन प्रश्न जरूर विचारा : कोणी वाजवले, कोणी पोसले, कोणाला बाहेर ठेवले?

(समाप्त. मतभेद असल्यास अवश्य मांडावेत, पुराव्यांसह.)